प्रकाशोपचारातील वेदना: सोसावी की सांगावी?



त्वचेवर प्रकाशाने उपचार करण्याची कल्पना नवी नव्हे. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयरोगावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज जन्मखुणा, डाग, नको असलेले केस यांवर लेसर वापरतात. विवाह ठरला की आपल्या घरांतील मुलीही तिकडे वळतात. मात्र त्यातील वेदनेविषयी घरात कुणी बोलत नाही.

मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. काळे आणि पांढरे कापड उन्हात शेजारी ठेवले, तर काळे अधिक तापते. लेसरचे तत्त्व हेच. केसातील काळे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि केसाचे मूळ दुखावते. पण तेच रंगद्रव्य आपल्या सावळ्या त्वचेतही असते. म्हणून चटका बसण्याचा, भाजण्याचा धोका आपल्याला अधिक. रंगद्रव्यात कमी शोषला जाणारा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर अशा त्वचेसाठी तुलनेने सुरक्षित मानतात. त्वचा उन्हाने रापली असल्यास उपचार पुढे ढकलणे हिताचे.

वेदना कमी करण्याचे साधे उपाय आहेत. आदल्या दिवशी केस वस्तऱ्याने काढावेत, म्हणजे वरचे केस जळून चटका बसत नाही. उपचारावेळी थंड हवेचा झोत किंवा यंत्राचे गार टोक त्वचेचे रक्षण करते. डॉक्टरांच्या सल्ल्याने लिडोकेन-प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम सुमारे तासभर आधी लावता येते.

परंतु 'जास्त माल, जास्त नफा' हा हिशेब येथे चालत नाही. अमेरिकेत लेसरपूर्वी पायांना तीव्र मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळल्याने दोन तरुणींचा मृत्यू झाला. औषध रक्तात अतिप्रमाणात भिनले होते. तेथील औषध प्रशासनाने २००७ साली याविषयी जाहीर इशारा दिला. तेव्हा मोठ्या भागावर घरच्या घरी मलम थापू नये.

रबर ताणून सोडल्यासारखी क्षणिक टोचणी अपेक्षित असते. सतत आग होणे किंवा फोड येणे अपेक्षित नाही. तसे वाटताच उपचार थांबवायला सांगावे. तीव्रता कमी करता येते. सहनशीलता हा आपल्या घरांतील संस्कार खरा. तथापि त्या खाटेवर वेदना हीच भाजण्याची पहिली सूचना असते. ती सांगण्यास संकोच नको, हे आपल्या लेकी-सुनांना आपणच सांगायला हवे.