शस्त्रक्रियेतील आसन आणि मेंदूचा रक्तपुरवठा



शस्त्रक्रिया ठरली की घरची मंडळी विचारतात, डॉक्टर कोण, खर्च किती. रोग्याला टेबलावर कसे ठेवणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही पडलो भूल देणारे, तेव्हा आम्हांला त्याचीच काळजी अधिक.

मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे सातवा वाटा त्याला लागतो. उताण्या निजलेल्या माणसाचे हृदय आणि मेंदू जवळजवळ एका पातळीवर असतात. खांद्याच्या शस्त्रक्रियेत मात्र रोग्याला पुष्कळदा आरामखुर्चीत बसवावे तसे बसवतात. गच्चीवरच्या नळाला अंगणातल्या नळाइतका जोर नसतो, तोच प्रकार येथे. दर सेंटिमीटर उंचीला रक्तदाब सुमारे पाऊण मिलिमीटर उतरतो. दंडावरच्या पट्ट्याने सरासरी दाब ६५ दाखविला आणि मेंदू तेथून २५ सेंटिमीटर वर असला, तर मेंदूपाशी तो ४६ च्या आसपासच भरतो. पट्टा पोटरीला बांधला असेल तर फसगत याहून मोठी!

जागा माणूस उठून बसला तर शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब सांभाळते. भुलेत ही राखण ढिली पडते. २००५ साली डॉ. पोल व डॉ. कलेन यांनी अशा बैठकीतील चार रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. रक्त अपुरे पडून त्यांच्या मेंदूला वा मज्जारज्जूला इजा झाली होती. पुढे २०१० साली १२४ रोग्यांच्या मेंदूतील प्राणवायू कपाळावर यंत्र लावून पाहिला गेला. बसविलेल्यांपैकी शेकडा ८० जणांत तो केव्हा ना केव्हा बराच उतरला. कुशीवर निजविलेल्यांत एकाचाही नाही. प्रत्यक्ष पक्षाघात मात्र फार विरळा, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांचा रक्तदाब जुना, त्यांच्या मेंदूला चढ्या दाबाची सवय जडलेली असते. आमच्या एका आजोबांनी तो आजार लपविला. शस्त्रक्रिया पुढे ढकलतील ही धास्ती. सूनबाईंनी गोळ्यांची डबी पुढे केली तेव्हा उलगडा झाला. मग आम्ही पट्टा दंडालाच बांधला, पाठ हळूहळू उचलली, दाबाचा हिशेब कानाच्या पातळीला धरला आणि तो त्यांच्या नेहमीच्या दाबाच्या जवळ राखला. आजोबा शुद्धीवर आले ते चहा मागतच.