व्यसनावरचा कर आणि कमाईवरचा कर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कर म्हटला की तो पुरुषांचा, हिशेबनिसांचा आणि वकिलांचा विषय, अशी आपल्यांतील पुष्कळजणींची समजूत असते. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला हाती आलेले पैसे दूध, किराणा, मुलांची फी, सासूबाईंचे औषध आणि भिशी यांत वाटून जी बाई तीस तारीख गाठते, तिला अर्थशास्त्र कोणी शिकवावे? कोणावर किती भार टाकायचा, कोणाच्या ताटात आधी वाढायचे, हा न्याय ती रोजच करीत असते. सरकारला तेच करावे लागते. फक्त त्याचे घर फार मोठे. म्हणून आज करांविषयीच चार शब्द बोलावे असे मी ठरविले.

कर पुष्कळ प्रकारचे आहेत. त्यांपैकी दोनच आपण समोर घेऊ. एक दारू, सिगारेट, विडी, तंबाखू यांवरचा. दुसरा माणसाच्या कमाईवरचा, म्हणजे प्राप्तिकर. या दोहोंत न्याय्य कोणता?

याचे उत्तर अगदी सोपे आहे असे सर्वांना वाटते. लोक म्हणतात, "दारूवर वाटेल तेवढा कर बसवा. ज्याला द्यायचा नसेल त्याने पिऊ नये. प्राप्तिकर मात्र कष्टाच्या पैशावर पडतो. पाप करणाऱ्याने भरावा, प्रामाणिक माणसाने का भरावा?" हे म्हणणे ऐकायला गोड आहे आणि त्यात तथ्यही आहे. विडी ओढणे न ओढणे माणसाच्या हाती असते. शिवाय व्यसनाचा खर्च एकट्या व्यसनी माणसाला पडत नाही. सरकारी इस्पितळातील खाट, रस्त्यावरचा अपघात, शेजाऱ्यांची मोडलेली झोप यांचा भार सर्वांवर पडतो. जो भार टाकतो त्याने तो भरून द्यावा, हे कोणालाही पटेल.

पण न्यायाची दुसरीही एक कसोटी आहे. आडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली आपल्या ग्रंथात कराची जी तत्त्वे सांगितली, त्यांतील पहिले हेच की, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीच्या मानाने राज्याच्या खर्चाला हातभार लावावा. आपल्या देशात प्राप्तिकर आला तो १८६० साली. सत्तावनच्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली होती, ती भरण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने तो बसविला. तेव्हापासून त्याचे दर अनेकदा बदलले, पण एक गोष्ट त्यात राहिली: हा कर माणसाला आधी विचारतो, "बाबा, तुझी मिळकत किती?" थोडी असेल तर तो दारावरूनच परत जातो. २०२५ च्या अंदाजपत्रकाने नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर प्राप्तिकर ठेवला नाही.

दारूवरचा कर असा प्रश्न विचारीत नाही. आपण दोन घरांचा हिशेब मांडून पाहू.

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दारूवरचे कर वाढविले, तेव्हा १८० मिलिलिटरच्या बाटलीच्या किमान किमतीही ठरविल्या. देशी दारूची ८० रुपये, उंची विदेशी मद्याची ३६० रुपये. देशी दारूवरची वाढ सरकारने त्यामानाने कमी ठेवली, हेही सांगितले पाहिजे. आता महिना पंधरा हजार मिळविणारा एखादा हमाल घ्या. रोज एक बाटली म्हटली तर महिन्याला २,४०० रुपये गेले, म्हणजे रुपयातले सोळा पैसे. दुसरा दीड लाख पगाराचा अधिकारी घ्या. त्याने महिन्यात उंची मद्याच्या दहा बाटल्या आणल्या तर ३,६०० रुपये गेले, म्हणजे रुपयातले अडीच पैसेही नाहीत. दोन्ही किमतींत सरकारचा वाटा मोठा असतो. हमालाच्या घराला तो किती जड जातो आणि अधिकाऱ्याच्या घराला किती हलका, ते मी वेगळे सांगायला नको.

आता प्राप्तिकर पाहा. हमालाला तो शून्य. अधिकाऱ्याला २०२५ च्या दरांप्रमाणे वर्षाला सुमारे दीड लाख, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढा. तो दिल्यावरही त्याच्या घरी अकरा पगार उरतात आणि कोणाचे दूध बंद होत नाही.

यापुढची गोष्ट पुस्तकांत क्वचितच लिहिलेली असते, पण ती आपल्याला पक्की ठाऊक आहे. कर पिणाऱ्यावर बसविला असे सरकार म्हणते. पण बाटली दहा रुपयांनी महागली म्हणून मुरलेला दारुडा दहा रुपयांची कमी पितो का? तो ते दहा रुपये घरातून नेतो. कधी मागून, कधी डब्यातून काढून, कधी मारून. लेकी बोले सुने लागे, तसे हे आहे. कराचा कागद नवऱ्याच्या नावाचा आणि भरणा बायकोच्या किराण्यातून. डाळ पातळ होते, मुलीची शिकवणी सुटते, आईचे औषध पुढच्या महिन्यावर जाते. पापावरचा कर पाप न करणारे माणूस भरते.

२०२४ पासून राज्य सरकार पुष्कळ बहिणींच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये घालते. ते दारूच्याच पैशातून येतात असे मी म्हणत नाही. तिजोरी एकच, तीत सगळे पाणी मिसळते. पण ज्या घरात हे दीड हजार येतात आणि त्याच घरातून महिन्याला २,४०० रुपयांच्या बाटल्या जातात, तिथल्या बहिणीने काय कमावले, याचा हिशेब तिने एकदा मांडून पाहावा.

मग हा कर काढूनच टाकावा काय? नाही. मिठावरचा कर गरिबांना सर्वांत जास्त झोंबतो म्हणून १९३० साली गांधीजींनी तो सत्याग्रहासाठी निवडला. पण मीठ ही गरज आहे, तंबाखू ही गरज नव्हे. मिठाचा खप कराने कमी झाला तर ते नुकसान. तंबाखूचा कमी झाला तर तो लाभ. आणि तो कमी होतो, हा देशोदेशींचा अनुभव आहे. मुरलेला व्यसनी फारसा हलत नाही, पण ज्याला अजून सवय जडायची आहे तो पोरगा महागाईला बिचकतो. हातात पैसा थोडा असणारा श्रीमंतापेक्षा लवकर हात आखडतो. म्हणजे कराचा भार गरिबावर जास्त, तसा व्यसन सुटण्याचा फायदाही गरिबालाच जास्त. इथे आपणही आपल्याकडे पाहावे. मशेरी लावणाऱ्या बायका आपल्या वाड्यांत आणि गल्ल्यांत काही थोड्या नाहीत. तंबाखू म्हणजे पुरुषांचेच पाप, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

तेव्हा माझे म्हणणे एका वाक्यात सांगते. व्यसनावरचा कर लगाम म्हणून न्याय्य आहे, दुभती गाय म्हणून नाही. लगाम ओढावा तो घोडा थांबावा म्हणून. गाय पाळतात ती तिने रोज दूध द्यावे म्हणून. एकदा का तिजोरीला या दुधाची सवय लागली, की व्यसन कमी व्हावे असे तिला मनापासून वाटेनासे होते.

ही भीती नवी नाही. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला आणि दारू हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन बनले. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. घरे उद्ध्वस्त होतात त्याचे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने दारूबंदी सुरू केली. डॉ. गिल्डर त्या खात्याचे मंत्री होते. दारूचे उत्पन्न बुडणार, मग पैसा आणायचा कोठून? सरकारने शहरातील घरे आणि इमारती यांच्या भाडेमूल्यावर शेकडा दहा कर बसविला. त्यावरून केवढे काहूर उठले! दारू पिणाऱ्याचा पैसा आम्ही का भरावा, असे घरमालक म्हणू लागले. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. तोवर शहराच्या खर्चाचा जो भार गिरणीकामगाराच्या ग्लासातून वसूल होत होता, तो आता ऐपत असलेल्यांकडे आला होता. दारूबंदी कितपत साधली हा वेगळा प्रश्न. हातभट्ट्या वाढल्या आणि पुढे बंदी सैल झाली, हे आपण जाणतो. पण दारूचा पैसा सोडायचा असेल तर सुखवस्तू माणसाने खिशात हात घालावा लागतो, एवढे त्या वर्षाने शिकविले.

आणि २०२५ च्या करवाढीचा हेतू काय सांगितला गेला? वर्षाला सुमारे चौदा हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न. भगिनींनो, ज्याला चौदा हजार कोटी अधिक हवे आहेत, त्याने लोक पीत राहतील असे धरूनच ते गणित मांडलेले असते. कर फारच चढविला तर माणसे चोरट्या दारूकडे वळतात, ही आणखी एक अडचण आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती सगळी हातावर पोट असलेली होती. म्हणून नुसता कर वाढवून भागत नाही. हातभट्टीवर नजर आणि व्यसन सोडविण्याची सोय त्याच्या बरोबरीने लागते.

कराचा पैसा कोठे जातो, यावरही न्याय ठरतो. याची आपल्याकडची दोन उदाहरणे पाहा. सोलापुरात, सिन्नरला, निपाणीला विड्या वळून हजारो बायकांनी संसार चालविले. १९७६ च्या कायद्याने विडीवर एक लहानसा उपकर बसला आणि त्यातून विडीकामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरे यांना पैसा मिळू लागला. विडीचा पैसा विडीने खंगलेल्या छातीकडे परत जात होता. २०१७ मध्ये जी.एस.टी. आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. दुसरे उदाहरण व्यवसायकराचे. नोकरदारांच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो हा कर. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी राहिली, तिला पैसा पुरविण्यासाठी तो १९७५ साली बसविण्यात आला. शहरातील पगारदाराने थोडेसे द्यावे आणि त्यातून खेड्यातील बाईला खडी फोडण्याचे का होईना, पण हक्काचे काम मिळावे, हा त्यामागचा विचार. कर कमाईवर, आणि ज्याच्याकडे कमाईच नाही त्याच्या पदरात घास. याहून न्याय्य कर मला तरी आठवत नाही.

मग आपण काय करावे? दारूवरचा कर वाढला की टाळ्या वाजवून घरी जाऊ नये. तीन प्रश्न विचारावे. या कराने आमच्या वस्तीतील पिणारे कमी झाले का? यातला किती पैसा व्यसनमुक्तीवर आणि त्या घरांतील मुलांवर खर्च झाला? आणि हे उत्पन्न उद्या घटले, तर ते भरून काढायला सरकारजवळ दुसरी न्याय्य वाट आहे का? ग्रामसभेत विचारा, नगरसेवकाला विचारा, मते मागायला येणाऱ्याला विचारा. दुकान नकोच असेल तर २००८ च्या आदेशाने स्त्रियांना मतदान मागण्याचा हक्क दिला आहे. निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होऊ शकते. हा हक्क कागदावर ठेवू नका.

आणि शेवटचे सांगते, ते थोडे कडू लागेल. दारू पिणाऱ्याला आपण पापी म्हणतो. पण पावती न देता व्यापार करणारा, दोन वह्या ठेवणारा, घर घेताना अर्धी रक्कम रोखीने देणारा माणूस आपल्याच ओळखीत, कधी आपल्याच घरात असतो, आणि त्याला आपण हुशार म्हणतो. हळदीकुंकवाला त्याच्या बायकोला पुढे बसवितो. तो जो प्राप्तिकर बुडवितो त्याची भरपाई सरकारला कोठून तरी करावीच लागते, आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे दुसरीकडची बाटली महाग करणे. म्हणजे त्या हुशार माणसाचा कर अखेर हमालाच्या बायकोच्या डाळीच्या डब्यातून भरला जातो. पापावर कर बसवायचाच असेल, तर पापांची यादी करताना हे पापही तीत घातले पाहिजे. आपल्या घरातील पुरुषमाणसाने प्राप्तिकर पुरता भरला का, हे विचारणे ही दारूबंदीच्या मोर्चाइतकीच मोठी समाजसेवा आहे.