बदलीवाल्यांचे कापड

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका दूरचित्रवाणीवर १९८९ साली थांबली. १९९९ पासून ‘बिग फिनिश’ने तिची श्राव्य नाटके काढली. त्यांपैकी रॉबर्ट शिअरमनचे ‘ज्युबिली’ (२००३) अवश्य ऐकावे. संहारक डालेक तेथे लंडनच्या टॉवरमध्ये शंभर वर्षे कैदेत आहे. त्याचा छळ ऐकताना विजेत्यांचेच क्रौर्य अंगावर येते. २००५ साली मालिका परतली, तेव्हा शिअरमननेच या नाटकावरून ‘डालेक’ हा भाग लिहिला. १९८० ची चित्रकथा ‘द स्टार बीस्ट’ही २०२३ साली पडद्यावर आली.

तेव्हा अशा कृतींना दुय्यम लेखू नका. गिरणीत कायम कामगार गैरहजर असला की बदलीवाला माग चालवीत असे. गिऱ्हाईक हजेरीपट पाहत नसे, कापड पाही. समीक्षकानेही तेच करावे.