नाक्यावरचं पहिलं वाक्य



तालुका न्यायालयात उभं आयुष्य काढलेल्या वकिलाला तुम्ही वकिलांच्या या परिषदेत या खुर्चीत बसवलंत, तेव्हा मी घटनापीठाच्या मोठ्या निकालांवर बोलणार नाही. आपल्या कपाटातल्या एका ठरावीक फायलीवर बोलणार आहे. पूर्वी तिच्यावर ‘कलम ३५३’ असं लिहिलेलं असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३२ लिहितात. लोकांच्या तोंडी मात्र ती आजही ‘तीनशे त्रेपन्नची केस’च आहे. सरकारी नोकर कर्तव्यावर असताना त्याच्यावर हल्ला किंवा बळाचा वापर केल्याचा हा गुन्हा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती, नव्या संहितेत ती दोन वर्षांपर्यंत आहे. शिक्षा होवो न होवो, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराच्या नावावर ही केस पडली की चारित्र्य पडताळणीच्या वेळी ती पुढे उभी राहते. आपल्या भागात किती पोरं पहाटे उठून भरतीसाठी पळतात, हे तुम्हाला माहीत आहे. ज्या खात्यात जायचं त्याच खात्याच्या माणसाशी रस्त्यावर हुज्जत झाली आणि वाट बंद झाली, असं मी पाहिलेलं आहे.

या फायली उघडून बघा. फिर्यादीचा मजकूर जवळपास सारखाच असतो. ‘मी शासकीय गणवेशात वाहतूक कर्तव्यावर हजर असताना, यातील आरोपी मोटारसायकलवर आला, त्यास थांबण्याचा इशारा केला असता त्याने हुज्जत घातली, अंगावर धावून आला व शासकीय कामात अडथळा निर्माण केला.’ पुढे पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, फाटलेल्या शर्टाचा जप्ती पंचनामा. सगळं असतं. गाडी थांबल्यावर पहिलं वाक्य कोण बोललं आणि काय बोललं, तेवढं मात्र कुठल्याच कागदावर नसतं. माझं म्हणणं असं की निम्मा खटला त्या न लिहिलेल्या वाक्यात असतो.

आपलं कळमनुरी हिंगोली-नांदेड रस्त्यावर आहे. पुढे वारंगा फाट्याला नागपूर-तुळजापूर महामार्ग येऊन मिळतो. हळदीच्या गाड्या, केळीचे ट्रक, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, श्रावणात औंढा नागनाथाला निघालेली माणसं, दसऱ्याला हिंगोलीची गर्दी, सगळं याच रस्त्यांवरून जातं. तपासणी हवीच. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली आणि त्यातल्या ५० हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद हेल्मेट नसल्यामुळे झालेले मृत्यू म्हणून आहे. गाडी अडवणारा जमादार त्या आकड्यातला एखादा माणूस कमी करण्यासाठी उन्हात उभा असतो. म्हणून तो तिथे काय बोलतो, कसा बोलतो, हा मला जीवन-मरणाइतका महत्त्वाचा प्रश्न वाटतो. जो पोलीस अपमान करतो त्याने सांगितलेलं हेल्मेट लोक नाका ओलांडेपर्यंतच डोक्यावर ठेवतात.

एक प्रसंग जरा जवळून पाहू. हा कुणा एकाचा नाही, अनेक फायलींतून मिळून झालेला आहे. बाजाराचा दिवस. चाळिशीतला शेतकरी, मागे बायको, दोघांच्या मधे खताची पिशवी. शिट्टी वाजते. तो गाडी बाजूला घेतो न घेतो तोच एक हात पुढे येतो आणि किल्ली काढून घेतो. ‘कुठं चाललास रे? कागदं काढ.’ शेतकरी म्हणतो, ‘किल्ली कशाला काढता साहेब, थांबलोच की.’ ‘मला शिकवतो का?’ इथपर्यंत दहा सेकंदंही झालेली नाहीत. बायको बघतेय. रसवंतीवरची चार माणसं उठून जवळ येतात. शेतकऱ्याचा पुतण्या मागच्या गाडीवर असतो, तो मोबाइल काढून शूटिंग सुरू करतो. आता जमादाराला वाटतं, माघार घेतली तर सगळ्या रस्त्यासमोर वर्दी गेली. शेतकऱ्याला वाटतं, गप्प बसलो तर बायकोसमोर अब्रू गेली. मोबाइल हिसकायला एक हात जातो, तो हात कुणीतरी धरतो आणि बाही फाटते. पाचशे रुपयांच्या चलनाचा विषय होता, तो आता पाच-सहा वर्षांच्या तारखांचा झाला.

कायद्याचं बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर परवाना दाखवावाच लागतो. वाहतुकीच्या कामावरच्या पोलिसाने सांगितल्यावर थांबावंच लागतं. कलम २०६ मध्ये कागदपत्रं आणि २०७ मध्ये गाडी ताब्यात घेण्याचे अधिकार आहेत, तेही ठरावीक कारणांसाठी. चालत्या गाडीची किल्ली हिसकावण्याचा अधिकार या कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरचे कागद मूळ कागदांइतकेच चालतात. तरीही ‘मोबाइलवरचं नको, ओरिजिनल दाखव’ हे वाक्य अजून कानी पडतं, आणि भांडणाची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. १ ऑक्टोबर २०२० पासून तर कागदपत्रं तपासली की तपासणीची वेळ आणि तपासणाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची आहे. म्हणजे तोच माणूस दहा किलोमीटरवर पुन्हा अडवला जाऊ नये. ही तरतूद किती नाक्यांवर पाळली जाते, ते इथे बसलेल्या अधिकाऱ्यांनी स्वतःला विचारावं.

मी एकाच बाजूने बोलतोय असं कुणाला वाटू नये. २३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत खार भागात वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट गाडी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला अडवून परवाना मागितला. मुलाने मोठ्या भावाला बोलावून घेतलं. भावाने डोक्यात घाव घातला आणि ३१ ऑगस्टला लीलावती रुग्णालयात शिंदे यांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत सिद्धेश्वर माळी या कर्मचाऱ्याला एका चालकाने गाडीच्या बॉनेटवर तसंच घेऊन सुमारे वीस किलोमीटर गाडी पळवली. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात ही भीती असते आणि ती खरी आहे. समोर येणाऱ्या गाडीत कोण आहे, दारू प्यायलेला आहे का, हत्यार आहे का, त्याला काहीच माहीत नसतं. भेदरलेला माणूस आवाज चढवतो, हा मानवी स्वभाव आहे. प्रशिक्षण हवं ते याच स्वभावासाठी.

आता एक नाव मला मुद्दाम आदराने घ्यायचं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईच्या काळबादेवीत हवालदार एकनाथ पार्टे यांनी हेल्मेट नसल्याबद्दल दुचाकी अडवली. दुचाकीवरच्या एका महिलेने भर रस्त्यात त्यांची कॉलर धरून त्यांना मारलं, आणि त्याचं शूटिंग देशभर फिरलं. शिवी दिल्याचा आरोपही त्यांच्यावर तिथेच झाला. पार्टेंनी हात उगारला नाही. महिला कर्मचारी येईपर्यंत ते जागेवर उभे राहिले, मग रीतसर गुन्हा दाखल झाला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी त्यांचा सत्कार केला. आपल्याकडे पोलिसांचे सत्कार चकमकीसाठी होतात, मोठी चोरी उघडकीस आणली म्हणून होतात. मार खाऊन हात आवरल्याबद्दल झालेला हा सत्कार मला फार मोलाचा वाटतो. त्या दिवशी काळबादेवीत वर्दीची शान तसूभरही कमी झाली नाही, उलट वाढली. ‘माघार घेतली तर वर्दी गेली’ असं वाटणाऱ्या प्रत्येक नव्या शिपायाला प्रशिक्षण केंद्रात ते चित्रीकरण दाखवायला हवं.

दुसरी बाजूही त्याच शहरातली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला एक आई तान्ह्या बाळाला घेऊन गाडीत बसलेली असताना पोलिसांनी ती गाडी ओढून नेली. त्या कर्मचाऱ्याला निलंबित केलं गेलं, आणि ती आई आधीपासून गाडीत होती की नंतर येऊन बसली यावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली. माझ्या लेखी तो वाद गौण आहे. आत बाळ दिसल्यावर क्रेन थांबायला पाहिजे होती. चलन घरीही पाठवता येतं. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट तपासणीत न थांबलेल्या एका जोडप्याचा पोलीस निरीक्षकाने पाठलाग केला आणि गाडीला लाथ मारली. गाडी पडली आणि पत्नीचा जीव गेला. जे हेल्मेट जीव वाचवायला सक्तीचं केलं, त्याच्यापायीच जीव घेतला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की विनाहेल्मेट चालकांचा पाठलाग करून त्यांना धरू नये, कॅमेऱ्यासारखी साधनं वापरावीत. नंबरप्लेट दिसते, ई-चलन निघतं, मग पळणाऱ्याच्या मागे धावायचं कशासाठी?

रस्त्यावरचं बोलणं सुधारतं का, की ते स्वभावावरच सोडायचं? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात २००९-१० मध्ये याचा पडताळा घेतला गेला. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या तपासणीचे साठ बंदोबस्त निवडले. निम्म्यांत पोलीस नेहमीसारखंच बोलले. निम्म्यांत त्यांना बोलणं ठरवून दिलं होतं. ही तपासणी का आहे, तुम्हाला मुद्दाम अडवलेलं नाही, तुमच्या भागात काय अडचणी आहेत, आणि शेवटी आभार. नेहमीची तपासणी अर्ध्या मिनिटात उरकायची, ही दीड मिनिटाच्या आसपास गेली. चालकांना नंतर प्रश्नावली दिली, तेव्हा ज्यांच्याशी तसं बोललं गेलं त्यांनी पोलीस न्यायाने वागले असं जास्त प्रमाणात लिहिलं आणि पोलिसांचं ऐकण्याची तयारीही जास्त दाखवली. अमेरिकेत लुईव्हिल शहरात प्रसंग निवळवण्याचं रीतसर प्रशिक्षण दिल्यावर बळाच्या वापराच्या घटना २८ टक्क्यांनी घटल्या, आणि पोलिसांना होणाऱ्या दुखापती ३६ टक्क्यांनी. दुसरा आकडा आपल्या पोलीस मित्रांनी लक्षात ठेवावा. शांत बोलण्याचा सर्वांत मोठा फायदा बोलणाऱ्यालाच झाला.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. मराठवाड्याने १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य सोसलं. गावात ‘अमीनसाहेब’, म्हणजे निजामाचे पोलीस अधिकारी, आले की माणसं घरात शिरायची, हे आमच्या आजोबांच्या पिढीने सांगितलेलं आहे. वर्दी दिसली की हात जोडायचे नाहीतर पळायचं, या दोनच सवयी आपल्याला लागल्या. आज नाक्यावर गाडी वळवून शेतातून पळणारं पोरगं गुन्हेगारच असतं असं नाही. भीती त्याच्या घरात जुनी आहे. ‘थांबा दादा, कागद बघायचे आहेत, पाच मिनिटांत सोडतो’ असं कुणी म्हटलं तर ती भीती तिथल्या तिथे उतरते. ‘अहो’ म्हणायला सरकारला एक पैसाही खर्च येत नाही. बाईला ‘ताई’ म्हणा, म्हाताऱ्याला ‘काका’ म्हणा आणि मग खुशाल चलन करा. चलनाचा राग माणूस घरी जाईपर्यंत विसरतो. बायकोपोरांसमोर झालेलं अरे-तुरे त्याच्या मनात वर्षानुवर्षं राहतं.

पण हे जमादाराकडून मागायचं तर त्याला उभं कसं केलंय तेही पाहा. मे महिन्याचं ऊन, आदल्या रात्रीचा बंदोबस्त, सावलीला शेड नाही, महिला शिपायांना जवळपास स्वच्छतागृह नाही आणि वरून ‘आज किती चलनं झाली?’ असा फोन. आकड्यासाठी उभा केलेला माणूस नम्र राहील ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्याच्या अंगावर कॅमेरा हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ मध्ये अंगावर लावायच्या कॅमेऱ्याची तरतूद आहे. हा कॅमेरा नागरिकाइतकाच पोलिसाचाही साक्षीदार आहे. तो असता तर न लिहिलेलं पहिलं वाक्य न्यायाधीशांना ऐकू आलं असतं, आणि आपल्यापैकी कित्येकांची उलटतपासणी दोन प्रश्नांत संपली असती.

आता आपल्याबद्दल, म्हणजे वकिलांबद्दल. अशिलाचा फोन रस्त्यावरूनच येतो, ‘साहेब, जरा यांच्याशी बोला.’ तो फोन जमादाराच्या हातात देऊ नका. तिथे वकिली करायची नसते. अशिलाला सांगा की थांब, गाडी बंद कर, परवाना दाखव, चलन चुकीचं वाटलं तर तिथे वाद घालू नकोस, हरकत ऑनलाइन नोंदवता येते. शूटिंग करायचंच असेल तर दोन हात लांबून कर, तोंडाजवळ मोबाइल नेऊ नकोस. पुढाऱ्याला फोन लावू नकोस, त्याने समोरचा माणूस आणखी ताठर होतो. आणि घरात चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या बापाला मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ वाचून दाखवा. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला होऊ शकते.

आणि पोलिसाचं वागणं खरंच चुकलं तर तक्रार कुठे करायची? सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये तसा कायदा केला. ती मोठ्या तक्रारींसाठी आहेत. नाक्यावरच्या शिवीसाठी शेतकऱ्याला तिथवर जावं लागू नये. त्याची तक्रार ठाण्यातच, सात दिवसांत, कुणीतरी समोर बसवून ऐकावी.

दुपारच्या सत्रात याच विषयावरचा ठराव चर्चेला येईल. जिल्ह्यातल्या प्रत्येक वाहतूक नाक्यावर नेमणूक होण्याआधी कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचं संभाषणाचं प्रशिक्षण मिळावं, त्यात खोट्या नाक्यावर सराव करून घ्यावा, आणि समोरचा चिडलेला चालक म्हणून आपल्या वकिलांनी विनामोबदला उभं राहावं, अशी त्यात सूचना आहे. चलनांच्या संख्येवरून कर्मचाऱ्याचं काम मोजू नये, असंही कलम आहे. त्यावर पोलीस अधिकाऱ्यांचा आक्षेप असेल तर तो याच सभागृहात मांडावा, आपण तो ऐकून घेऊ आणि गरज पडली तर मसुदा बदलू. सरावासाठी ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांच्यासाठी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवलेली आहे. पहिलं नाव मी सकाळीच लिहिलं आहे.