शेळीचा आहारविवेक



शेळीविषयीं आपल्या मराठी भाषेनें फारसा आदर दाखविलेला नाहीं. दुरून हुकूम सोडणारा तो उंटावरून शेळ्या हाकणारा. भित्रा तो शेळपट. आणि गबाळ्या मनुष्यास आपण जो अजागळ म्हणतों, तो शब्दहि शेळीच्या गळ्याशीं लोंबणाऱ्या, दूध न देणाऱ्या सडांवरून आला असें सांगतात. परंतु ह्या सर्वांहून मला अन्यायाचा वाटतो तो एकच आरोप, ‘शेळी वाटेल तें खाते’ हा. ह्या गैरसमजापायीं मीं लहानपणीं एका गरीब बाईचें मोठें नुकसान केलें. शेळीच्या शरीररचनेविषयीं जें आज सांगणार आहें, तें त्या प्रसंगाच्या अनुरोधानेंच सांगतों.

माझें गांव अष्टमी. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहें, समोरच्या तीरावर अष्टमी, आणि दोहोंची मिळून नगरपालिका एक. आमच्या आळींत एक विधवा बाई राहत असत. आम्ही मुलें त्यांना आत्या म्हणत असूं. दोन शेळ्या व त्यांचीं करडें एवढीच त्यांची मिळकत. दूध विकून रोजचा बाजार करावा आणि वाढलेला बोकड विकून पावसाळ्यापूर्वीं घर शाकारून घ्यावें, असा त्यांचा प्रपंच. एके दिवशीं आमच्या घरीं सत्यनारायण झाला. पंगत उठल्यावर पाटीभर भात उरला. मी दहा वर्षांचा होतों. अन्न वाया न जातां मुक्या प्राण्याच्या मुखीं पडावें, ह्या सद्धेतूनें मीं ती पाटी आत्यांच्या गाभण शेळीपुढें नेऊन ठेविली. तिनें भात आवडीनें खाल्ला. संध्याकाळीं तिचें पोट फुगलें, रवंथ थांबला, ती दांत खाऊं लागली. आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती मेली. कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें पान लागलें. आत्यांनीं मात्र पाटी पाहिली होती. ‘बाळ, तिच्या पोटाला भात सोसत नाहीं रे,’ एवढेंच त्या म्हणाल्या. माझ्या वडिलांनीं शेळीची किंमत दोन हप्त्यांनीं दिली. पोटांतल्या करडांची किंमत आत्यांनीं मागितली नाहीं, आणि आम्हींहि दिली नाहीं.

भात सोसत नाहीं म्हणजे काय होतें, हें पुष्कळ वर्षांनीं, मी मास्तर झाल्यावर, गुरांच्या एका डॉक्टरांनीं मला समजावून दिलें. शेळी ही गाईम्हशींप्रमाणें रवंथ करणारी. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरें पोट. पैकीं कोटीपोट सर्वांत मोठें. भराभर खाल्लेला पाला प्रथम तेथें सांठतो; मग निवांत बसून शेळी तोच घास पुन्हां तोंडांत आणते व सावकाश चघळते. पाल्यांतील चिवट तंतू पचविणारा रस तिच्या स्वतःच्या शरीरांत तयार होत नाहीं. तें काम कोटीपोटांत राहणारे सूक्ष्म जीव करतात. तेथील द्रवाच्या एका थेंबांतहि त्यांची संख्या कोटींनीं मोजावी लागते. ते पाला आंबवितात. त्यांतून निघालेलीं सौम्य आम्लें कोटीपोटाच्या भिंतींतून रक्तांत शोषलीं जातात, आणि शेळीच्या शक्तीचा मोठा भाग त्यांतूनच येतो. पुढें ते जीवहि वाहत जाऊन खऱ्या पोटांत पचतात व तिला प्रथिनें पुरवितात. एका अर्थीं शेळी आपल्या पोटांत गोठाच बाळगते. पाला हा त्या गोठ्याचा चारा, आणि गोठ्याचें उत्पन्न शेळीचें.

ह्या गोठ्यांत एकाएकीं पाटीभर भात पडला कीं अनर्थ होतो. भातांतील पिष्ट फार त्वरेनें आंबतें. दह्याला जें आम्ल आंबटपणा आणतें, तेंच निर्माण करणारे जीव बेसुमार वाढतात. बाकीचे त्या आंबटपणांत मरून जातात. कोटीपोटाची हालचाल थांबते, शरीरांतील पाणी पोटाकडे ओढलें जातें, आम्ल रक्तांत उतरतें, आणि एकदोन दिवसांत प्राणी दगावतो. थोडी थोडी संवय लाविल्यास शेळी मूठभर धान्य सुखानें पचविते. मारक होतो तो अकस्मात् पुढें आलेला ढीग.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारील, शेळी एवढी चोखंदळ असेल तर तिनें तो भात खाल्लाच कां? ह्याचें उत्तर तिच्या पूर्वेतिहासांत आहे. आजच्या इराणांतील झाग्रोस पर्वताच्या परिसरांत मनुष्यानें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं रानशेळी माणसाळविली. त्या डोंगरांत झुडपें होतीं, काटे होते, कडू पाला होता. शिजलेल्या धान्याच्या राशी नव्हत्या. तिचा विवेक पाल्याच्या बाबतींत घडलेला आहे, आणि त्या बाबतींत तो पाहण्यासारखा आहे. तिला वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. तेथें टणक हिरडी असते. परंतु वरचा ओंठ इतका चपळ असतो कीं बाभळीचे कांटे टाळून ती नेमकी पालवी तेवढी टिपते. गाय मान खालीं घालून गवत कापीत जाते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा नाहीं तर फणसाचा पाला ओढते. उंचावर चरण्यांत लाभहि आहे. पोटांतील जंतांचीं पिल्लें जमिनीलगतच्या ओल्या गवतावर असतात, आणि जंतांना तोंड देण्याची शक्ति शेळींत मेंढीपेक्षां कमी असते. आमच्याकडे शंभर इंचांवर पाऊस पडतो. तेथें दंव असेपर्यंत शेळ्या न सोडण्याची जुन्या बायकांची जी रीत होती, तिच्यांत शास्त्र होतें. असल्या पावसांत टिकणारी ‘कोंकण कन्याळ’ ही शेळीची जात आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतीलच आहे.

शेळी सुमारें १५० दिवसांनीं विते, व जुळीं होणें तिला नित्याचें. नवजात करडाचें कोटीपोट अगदीं लहान असतें. दूध पितांना अन्ननलिकेच्या टोकाशीं एक पन्हळ तयार होऊन दूध परस्पर चौथ्या पोटांत जातें. पाला कुरतडूं लागल्यावर मग हळूहळू त्याचा गोठा वसतो. शेळीच्या दुधांतील स्निग्धाचे कण बारीक असतात, म्हणून तें पचण्यास हलकें म्हणतात. तें उकळूनच प्यावें. आणि त्यांत फोलिक आम्ल फार थोडें असल्यानें तान्ह्या मुलास केवळ त्याच दुधावर कधीं ठेवूं नये.

सन २०१९ च्या पशुगणनेंत आपल्या देशांत सुमारें १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळशा आत्यांसारख्यांच्या दारांत बांधलेल्या असतात. शहरांतहि त्या आपणांस कचऱ्याच्या ढिगाशीं दिसतात, आणि ‘पाहा, प्लॅस्टिकहि खाते,’ असें आपण म्हणतों. वस्तुतः हात नसल्यामुळें ती प्रत्येक नवी वस्तु ओंठांनीं चांचपून पाहते, आणि खरकट्याच्या वासानें पिशवी पोटांत जाते. कोटीपोटांतून पुढें जाण्याचा मार्ग अरुंद. पिशवी आंबत नाहीं, पुढें सरकत नाहीं. वर्षभर सांठत राहून शेळीचें खाणें बंद पाडते.

म्हणून आपल्या घरांसाठीं माझें एवढेंच मागणें आहे. उरलेला भात, पोळ्या, लग्नाची पंगत शेळीपुढें ओतूं नये. अन्न पिशवींत बांधून रस्त्यावर टाकूं नये. बागेंतील कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या जनावरांच्या वाटेवर पडूं देऊं नयेत. ती विषारी आहे. आणि चुकून एखाद्या शेळीनें धान्याचा ढीग खाल्लाच, तर पोट फुगण्याची वाट न पाहतां तत्काळ गुरांच्या डॉक्टरांस बोलवावें. पहिल्या कांहीं तासांत उपाय चालतो.

मुक्या प्राण्यावर दया करणें चांगलें; परंतु त्याचें पोट आपल्या पोटासारखें नसतें, एवढें जाणून ती करावी. मला हें आत्यांच्या शेळीच्या जिवावर शिकावें लागलें.