गच्चीवरची सळई आणि घरातला टीव्ही

मे महिना संपत आला आणि पारसिकच्या डोंगरावर काळे ढग जमू लागले, की नवी मुंबईतल्या सोसायट्यांचे मला फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर आहे, मग लिफ्टचं कार्ड जळलं कसं?"

या नावानंच घोटाळा केला आहे. ती सळई विजेला अडवत नाही, जमिनीत उतरायला वाट देते. बेंजामिन फ्रँकलिननं मांडलेली कल्पना अजून तीच आहे. वीज पडते तेव्हा सुमारे तीस हजार अँपिअर प्रवाह क्षणार्धात पट्टीतून खाली जातो. भिंत वाचते, आग लागत नाही. पण आसपासच्या तारांमध्ये त्यामुळे दाब उसळतो. शिवाय दूर कुठे वीज पडली, तरी तो धक्का वीजवाहिनीतून नाहीतर गच्चीगच्चीवरून ओढलेल्या केबलमधून घरात शिरतो. सळईला यातलं काही थांबवता येत नाही.

आणि ती वाट तरी धड असते का? एका इमारतीत मला पट्टी दुसऱ्या मजल्याशी तुटलेली दिसली. रंगकाम करणाऱ्यांनी परातीला आड येते म्हणून कापली होती. जमिनीशी न जोडलेली सळई नसलेलीच बरी. गच्चीवर गळतीसाठी घातलेली पत्र्याची शेड हा दुसरा प्रकार. ती अर्थिंगला जोडलेली नसेल, तर वीज पट्टी सोडून तिच्यावर उडी मारू शकते.

आपल्या शहराची मातीही एकसारखी नाही. खाडीलगत भराव टाकलेल्या भागात जमीन ओली, खारट. अर्थिंग छान मिळतं, पण लोखंड लवकर खाल्लं जातं. खारघरच्या डोंगराकडे हातभर मातीखाली काळा पाषाण. तिथे मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, आणि नेमके तेव्हाच वळवाचे ढग येतात! म्हणून मोजणी मेमध्ये करावी. विजेच्या संरक्षणासाठी एकूण रोध दहा ओहमच्या आत हवा. खडकात एका खड्ड्यानं भागत नाही, चार-पाच इलेक्ट्रोड एकमेकांना जोडावे लागतात.

घरातल्या उपकरणांसाठी मुख्य पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवतात. दाब वाढला की तो जादा प्रवाह अर्थिंगकडे वळवतो. त्याच्या जोडतारा अर्ध्या मीटरच्या आत असाव्यात. लांब, वेटोळी तार ठेवली तर निम्मा उपयोग गेला. बऱ्याच प्रोटेक्टरवर एक छोटी खिडकी असते. हिरवी जाऊन लाल दिसली, की आतला भाग संपला. पण ती उघडून पाहतो कोण? ईएलसीबी आहे म्हणून निश्चिंत राहणारेही पुष्कळ भेटतात. ती माणसाला झटक्यापासून वाचवते, टीव्हीला नाही.

न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टचे साडेतीनशे-चारशे होतात आणि तसेच राहतात. तिथे सर्ज प्रोटेक्टर स्वतःच जळतो. त्यासाठी जास्त दाबाला पुरवठा तोडणारं वेगळं उपकरण लागतं. पंप आणि लिफ्टला तरी ते जरूर लावा.

राहिला सदनिकेतला माणूस. गडगडाट जवळ यायच्या आधीच टीव्ही, राउटर यांचे प्लग भिंतीतून काढा आणि केबलची पिनही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आकाशातून एवढं अंतर कापून आलेल्या विजेला बटणातली दोन-तीन मिलिमीटरची फट काय अडवणार?