सिनेमा सर्वांचा



आजचा विषय सिनेमाचा आहे, पण नटनट्यांच्या गोष्टी सांगावयास मी आलेलो नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, किंवा जो चाकांच्या खुर्चीवरून हिंडतो, त्याने सिनेमा पाहावा कसा आणि नाटक-सिनेमाच्या धंद्यात काम करावे कसे, हे आज बघू. ‘आंधळ्याला सिनेमा कशाला?’ असे आपल्यापैकी कुणी मनात म्हणेल. मग आपण आत्ता मला न पाहताच ऐकत आहात, ते काय म्हणून?

थोडे मागे जाऊ. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला. तो मूकपट. मूकपटात बोलणे नसे, मधून मधून पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी एखादा माणूस त्या मोठ्याने वाची आणि प्रसंग समजावून सांगे. म्हणजे बघा, बहिऱ्या माणसाला त्या काळी सिनेमात काही कमी पडत नव्हते, आणि न दिसणाऱ्यालाही सांगणाऱ्याचा आधार होता. पुढे १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलू लागला. सर्वांना केवढा आनंद झाला! पण पाट्या गेल्या, त्याबरोबर बहिरा प्रेक्षक बाहेर पडला. सांगणारा गेला, तेव्हा आंधळ्याला संवाद मिळाले, पण पडद्यावर मुकाट्याने जे घडते ते हरवले. हे कुणी मुद्दाम केले नाही. कुणाच्या ध्यानातच आले नाही, इतकेच.

आता मुंबईच्या वेशीवरचे एक शहर घेऊ. दहिसर ओलांडले की पश्चिम रेल्वेची मीरा रोड आणि भाईंदर ही स्टेशने लागतात. त्यापलीकडे वसईची खाडी. मिठागरांची, भातशेतीची आणि उत्तनकडे कोळीवाड्यांची ही गावे. २००२ साली त्यांची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तेथील वस्ती ८ लाख ९ हजार भरली. त्याच जनगणनेत देशात शंभरांमागे दोनांहून थोडी अधिक माणसे दिव्यांग म्हणून नोंदली गेली. तोच हिशेब या शहराला लावून पाहा, १८ हजारांच्या घरात आकडा जातो. पूर्वी अपंग म्हणत, आता दिव्यांग म्हणतात. नाव बदलले ते ठीकच, पण नावाने पायरी काही खाली येत नाही.

पायरीचेच बोलू. या शहरात महापालिकेचे लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे, सिनेमागृहेही आहेत. अशा कोणत्याही ठिकाणी जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: रॅम्प आहे का, चाकांची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह आहे का, आणि ती खुर्ची उभी करावयास जागा कोणत्या रांगेत आहे. रॅम्प आहे एवढ्या उत्तराने भागत नाही. एक फूट चढाला बारा फूट लांबी हवी. दीड फूट उंच जोते असेल तर अठरा फूट. याहून उभा केला तर तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी! दरवाजा ९० सेंटिमीटर तरी मोकळा हवा. शाळेच्या सभागृहालाही हेच माप लागते, हे शिक्षकबंधूंनी टिपून ठेवावे. जत्रेतल्या तंबूत सगळे जमिनीवर बसत, तेथे हा प्रश्न फारसा आला नसेल. पक्की इमारत बांधली आणि आपण पायऱ्या चढवल्या.

आत गेल्यावर काय? बहिऱ्यासाठी पडद्यावर अक्षरे हवीत; नुसते संवाद नव्हेत, ‘दार वाजते’, ‘लांबून ढोल’ हेही. आंधळ्यासाठी दोन संवादांच्या मधल्या जागेत प्रसंगाचे वर्णन. ते मोबाईलमधून एकट्याच्या कानात सोडता येते, शेजाऱ्याला त्रास नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही गोष्ट हक्कात आणली. ‘पठाण’ या चित्रपटाबाबत २०२३ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने घरबसल्या पाहण्याच्या प्रतीत अशा सोयी करावयास सांगितले. १५ मार्च २०२४ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने सिनेमागृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

प्रेक्षकाचे झाले, पण काम करणाऱ्याचे काय? मीरा रोड आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मालिकांची चित्रीकरणे होतात. तेथे जमिनीवर वायरींचे जाळे, रंगभूषेच्या गाडीला उंच पायऱ्या, आणि ‘उद्या या’ असा तोंडी निरोप, तोही ज्याला ऐकू येत नाही त्याला! कला असून माणूस दारातून परततो तो अशा गोष्टींपायी. कलेचे म्हणाल तर सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला. जयपूरच्या कृत्रिम पायावर त्या पुन्हा नाचल्या आणि पुढे सिनेमात व मालिकांत काम करीत राहिल्या. रवींद्र जैन यांना दिसत नव्हते, पण त्यांनी संगीत दिलेली गाणी आपण सारे गुणगुणतो. आपल्या मराठीत स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन ‘तीन पैशाचा तमाशा’ आणि ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणले. कायद्याने प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे असते. ते कागदावर आहे की सेटवर, एवढे विचारण्याचा धीर मात्र आपण करावा.

शाळेत सिनेमा दाखवाल तेव्हा वर्गातल्या चांगल्या बोलक्या मुलाला आधी एकदा तो पाहू द्या, आणि खेळाच्या दिवशी न दिसणाऱ्या मुलाशेजारी बसवा. पात्रे बोलू लागली की त्याने गप्प बसावे. ती थांबली की कोण आले, हातात काय आहे, चेहरा कसा झाला, एवढेच हळू सांगावे. पुढे काय होणार ते मात्र सांगू नये. तेवढी मजा त्या मुलाचीही असते.